आधी टेप, मग लेन्स

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन. दहावी 1996 ची तुकडी)



सगळ्यात आधी आयोजकांचे आभार आणि थोडी तक्रार. आभार अशासाठी, की एवढ्या वर्षांनी या सभागृहात मला बोलायला उभं केलंत. तक्रार अशी, की जेवणानंतरची वेळ दिलीत. बासुंदी झालेली आहे, पंखे चालू आहेत. मागच्या दोन रांगांतली मंडळी दहावीत ज्या वेळी झोपायची, नेमकी तीच वेळ आहे. झोपा, मला राग येणार नाही. सर, तुम्ही मात्र खडू फेकू नका.

विषय माझ्यावर ग्रुपमधूनच लादला गेला. गेल्या वर्षभरात आपल्यातल्या किमान सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: ‘कॅमेरा घेतलाय, आता लेन्स कुठली घेऊ?’ मुलं मोठी झाली, कर्जाचे हप्ते जरा आवरले आणि शाळेतले राहून गेलेले छंद वर आले, असं आपलं वय आहे. मी काही व्यावसायिक छायाचित्रकार नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करते. पण लेन्सच्या बाबतीत चुका भरपूर केल्यात आणि त्यातल्या एका चुकीची किंमत पैशात मोजता येणार नाही. तीच सांगायला उभी आहे.

सुरुवात आपल्या प्रयोगशाळेतून करू. विज्ञानाच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला एक बहिर्वक्र भिंग, एक पट्टी आणि पांढऱ्या कागदाचा पडदा द्यायचात. खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडाची प्रतिमा कागदावर पकडायची. भिंग पुढे-मागे करता करता एकदम ते झाड कागदावर उलटं उतरायचं, पानं हलताना दिसायची. मग भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं: नाभीय अंतर अमुक इतके सेंटिमीटर. सगळ्यांनी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलं होतं, पण प्रयोग खरा होता.

कॅमेऱ्याच्या लेन्सवर जे 18, 35, 50, 300 असे आकडे लिहिलेले असतात, ते म्हणजे हेच नाभीय अंतर, फक्त मिलिमीटरमध्ये. आत एकाऐवजी आठ-दहा भिंगं असतील, पण त्या सगळ्यांचा मिळून परिणाम एकाच भिंगासारखा धरायचा. कागदाच्या जागी सेन्सर आला, चिंचेच्या जागी तुमची नात आली. दुकानदार हा आकडा ‘पॉवर’ असल्यासारखा सांगतात, आणि जास्त एमएम म्हणजे जास्त चांगली लेन्स असा आपला समज होतो. आकडा चांगलं-वाईट सांगत नाही. चौकटीत किती मावणार, एवढंच तो सांगतो.

किती मावणार हे काढायला भूमितीच्या सरांचे समरूप त्रिकोण पुरतात. लेन्सच्या एका बाजूला सेन्सर, दुसऱ्या बाजूला समोरचं दृश्य. दोन्हीकडे त्रिकोण तयार होतो आणि दोन्ही समरूप असतात. म्हणून सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर बरोबर दृश्याची रुंदी भागिले तुमचं अंतर. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो. तो काही मॉडेलांत साडेतेवीस, काहींत सव्वाबावीस मिलिमीटर रुंद असतो. तोंडी हिशोबाला आपण चोवीस धरू.

समजा, तुम्ही दहा फुटांवर उभे आहात. 18 एमएमची लेन्स असेल तर चोवीस गुणिले दहा भागिले अठरा, म्हणजे सव्वातेरा फूट रुंदीचं दृश्य मावेल. अख्खी भिंत. 35 ला जवळजवळ सात फूट, म्हणजे सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेली तीन माणसं. 50 ला पावणेपाच फूट. 70 ला साडेतीन फूट, आणि 300 ला फूटभरही नाही. हा हिशोब कुठल्याही फुलफ्रेम कॅमेऱ्याला लावायचा तर चोवीसऐवजी छत्तीस घ्या. झालं. लेन्स निवडण्याचं अर्धं शास्त्र इथेच संपलं. सर, तीस वर्षं उशिरा का होईना, समरूप त्रिकोणाचा व्यवहारात उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

हे सगळं मला कधी कळायला हवं होतं आणि कधी कळलं, ते आता सांगते.

माझ्या बाबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. शाळेतून घाटाकडे जाताना डाव्या हाताला. सहा फूट रुंद, आठ फूट खोल. दर्शनी एक काउंटर, त्याच्या मागे बाबा, त्यांच्या मागच्या भिंतीवर लंबकाची आणि साधी अशी वीस-पंचवीस घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. दहावीच्या परीक्षेआधी आपल्या वर्गातल्या निम्म्या घड्याळांचे सेल त्यांनीच बदलले होते. काहींच्या वडिलांची चावीची एचएमटी तिथेच तेलपाण्याला यायची. बाबा उजव्या डोळ्याला भिंग लावून, टेबलावरच्या दिव्याखाली वाकून बसलेले असायचे. कुणी हाक मारली तरी भिंग न काढता दुसऱ्या डोळ्याने बघायचे. आपली मुलं त्याला घाबरायची, आठवतंय?

मी कॅमेरा घेतला 2014 साली. त्याच्यासोबत 18–55 ची किट लेन्स आली. वर्षभरात ती मला कमी वाटायला लागली. ऑफिसातली मंडळी भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला जायची, त्यांच्या गळ्यात हे एवढे नळकांडे. मीही 70–300 ची झूम घेतली. त्या वेळी मला तो मोठा खर्च होता. दोनदा भिगवणला गेले, फोटो चांगले आले, कौतुक झालं. तिसऱ्यांदा जायचं राहिलं ते राहिलंच. मुलगी लहान, रिलीजच्या तारखा, तुम्हाला सांगायला नको.

त्या दिवाळीला नवी लेन्स घेऊन घरी आले आणि थेट दुकानात गेले. म्हटलं, बाबांचे कामावरचे फोटो काढू. दुकानात काउंटरच्या अलीकडे उभं राहिलं की बाबा पाच-सहा फुटांवर. आता हिशोब करा: चोवीस गुणिले सहा भागिले सत्तर, म्हणजे दोन फूट. बाबांचं डोकं आणि खांदे, संपलं. हात येईनात, टेबल येईना, घड्याळांची भिंत तर नाहीच. थोडं पुढे झुकले तर लेन्स फोकसच घेईना, कारण तिला पाच फुटांपेक्षा जवळचं दिसतच नव्हतं. शेवटी मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मध्ये रिक्षा, सायकली, गिऱ्हाइकांच्या पाठी.

बाबा हसत होते. म्हणाले, ‘‘अगं, स्क्रू बघून स्क्रूड्रायव्हर उचलायचा असतो. उलटं केलं की स्क्रूचं डोकं जातं.’’ त्यांच्या टेबलावर लहानापासून मोठ्यापर्यंत स्क्रूड्रायव्हरांची ओळ असायची. मी ऐकलं, हसले आणि सोडून दिलं. तो विनोद वाटला होता.

मग किट लेन्स लावली. आता चौकटीत सगळं मावत होतं, पण वेगळीच अडचण आली. प्रकाश. दुकानात एक ट्यूब आणि टेबलावरचा दिवा. आपल्या डोळ्यांना तो उजेड भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो अंधार असतो. इथे लेन्सवरचा दुसरा आकडा येतो. एफ 3.5, एफ 5.6, एफ 1.8 असा लिहिलेला. तो म्हणजे नाभीय अंतराला लेन्सच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागून आलेली संख्या. भागाकार असल्यामुळे आकडा लहान, तितकं छिद्र मोठं. आणि प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळातून येतो, म्हणून वर्ग करायचा. किट लेन्स 35–40 एमएमला साधारण एफ 5 पर्यंतच उघडते. तिची तुलना एफ 1.8 शी करा. पाच भागिले 1.8, त्याचा वर्ग, म्हणजे पावणेआठ. जवळजवळ आठपट प्रकाश. किट लेन्सला जो फोटो काढायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तोच एफ 1.8 ला ऐंशीव्या भागात होतो.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण सेकंदाच्या दहाव्या भागात माणसाचा हात केवढा हलतो! काही लेन्समध्ये आपला हात हलल्याची भरपाई करणारी सोय असते. माझ्या किट लेन्समध्येही होती. पण ती माझा हात सावरते, बाबांचा नाही. त्यामुळे माझ्या फोटोंत घड्याळं स्वच्छ, टेबल स्वच्छ, आणि बाबांचे हात म्हणजे धुराचे दोन लोट. मुलं घरात धावताना, आरती चालू असताना, वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझवताना तुमचे फोटो हलतात ना, त्याचं कारण हेच असतं. कॅमेरा बिघडलेला नसतो, तुमचा हातही वाईट नसतो.

मी विचारपूस सुरू केली. सगळ्यांनी एकच सांगितलं: नवशिक्याने 50 एमएम एफ 1.8 घ्यावी. स्वस्त, हलकी, उजेडाची भुकेली नाही. मी जुन्या बाजारातून एक घेतली. दोन चुका झाल्या. पहिली, काही कॅमेऱ्यांच्या अंगात फोकसची मोटर नसते आणि काही जुन्या लेन्समध्येही नसते. माझा कॅमेरा आणि ती लेन्स, दोघंही तसेच निघाले. म्हणजे फोकस हाताने. सहा फुटांवर एफ 1.8 ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन इंचांचा असतो. बाबांचा कान स्वच्छ आणि डोळे धूसर असे कितीतरी फोटो माझ्याकडे आहेत.

दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे. ‘फिफ्टी घ्या’ हा सल्ला फिल्मच्या काळातला. त्या फिल्मची चौकट छत्तीस मिलिमीटर रुंद होती आणि तिच्यावर 50 एमएम अगदी मध्यम, ना फार रुंद ना फार अरुंद अशी दिसायची. आमच्या लहान सेन्सरवर तीच लेन्स 75 एमएमसारखी वागते. सल्ला चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी होता. आणि मी टेप लावून बघितलं नव्हतं. सहा फुटांवरून 50 ला पावणेतीन-तीन फूट. बाबांचा चेहरा मिळाला, दुकान मिळालं नाही. मला हवं होतं ते टेबल, दोन्ही हात आणि मागची भिंत मिळून चार फूट. चोवीस गुणिले सहा भागिले चार, म्हणजे छत्तीस. 35 एमएम. एका ओळीचं गणित होतं. इंजिनियरिंगची पदवी भिंतीवर लावून बसलेल्या माझ्याकडून ते झालं नाही.

2017 च्या दिवाळीनंतर बाबांनी दुकान बंद केलं. हाताला कंप सुटला होता. त्यांनी कुणाला फारसं सांगितलं नाही. घड्याळं ज्याची त्याला परत केली, ज्यांचे मालक सापडले नाहीत ती घरी आणून ठेवली. शटर ओढलं आणि किल्ली जागेच्या मालकाला दिली. मी पुण्यात होते, मला फोनवर कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो किती एमएमला, कुठल्या ॲपर्चरला, किती वाजता काढला याची नोंद असते. माझ्या संगणकावरच्या सव्वीसशे फोटोंमधून मी ती काढली आणि तक्ता केला. मोठ्या झूमने काढलेले फोटो दोनशे दहा. त्यातले बहुतेक भिगवणच्या दोन सहलींचे. दीड हजारांवर फोटो 24 ते 40 एमएमच्या मधले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त संध्याकाळी सातनंतरचे. म्हणजे घरातले. आई स्वयंपाकघरात, मुलगी अभ्यासाला, बाबा दुकानात, गौरी-गणपती, जेवणावळी. मी काय काढते हे माझ्या फोटोंना माहीत होतं, मला नव्हतं. मला वाटत होतं मी पक्ष्यांचे फोटो काढणारी बाई आहे.

त्या आठवड्यात मी 35 एमएम एफ 1.8 घेतली. मोठ्या झूमपेक्षा बरीच स्वस्त आणि मुठीत मावणारी. तोवर दुकान गेलं होतं.

आता माझ्या अनुभवातून निघालेल्या कामाच्या गोष्टी पटापट सांगते. तुमच्यापैकी कुणी लिहून घेणार असेल तर घ्या.

पहिली गोष्ट, सहा महिने नवीन लेन्स घेऊ नका. कॅमेऱ्यासोबत आलेली 18–55 वापरा. तिच्या नावाने नाकं मुरडण्याची फॅशन आहे, पण घरच्या फोटोंना लागणारे बहुतेक आकडे तिच्यात आहेत. सहा महिन्यांनी आपल्याच फोटोंची नोंद बघा. प्रोग्रॅम लिहायची गरज नाही, फोटोच्या तपशिलात एमएम दिसतं. आवडलेले शंभर फोटो निवडा आणि वहीत रेघा मारा, निवडणुकीत मतं मोजतात तशा.

दुसरी, आपली अडचण कुठली ते नीट ओळखा. अडचणी तीनच असतात. मावत नाही, लांब राहतं किंवा उजेड पुरत नाही. पहिल्या दोन्हींना एमएम बदलावा लागतो, तिसरीला एफ. उजेड पुरत नाही म्हणून 300 ची झूम घेणारी मी एकटीच नसेन.

तिसरी, विषयाप्रमाणे थोडक्यात. घर आणि मुलं: एपीएस-सीवर 35 एफ 1.8, फुलफ्रेमवर 50. वाईचा घाट, ढोल्या गणपती, मेणवलीचा वाडा: किटचीच 18 ची बाजू पुरते, आणि घाटावर तर मागे सरकायला नदीपलीकडचा काठही आहे. पालखी: लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं तेव्हा गर्दीत तुम्हाला पाऊलभर हलता येत नाही. तिथे 18–135 सारखी एकच झूम बरी, पावसात लेन्स बदलायची वेळच येऊ नये. पक्षी: 300 ही सुरुवात आहे, शेवट नाही. त्याहून लांब लेन्स महाग आणि जड असतात, म्हणून आधी भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत शनिवार-रविवारपुरती लेन्स भाड्याने मिळते. दोन दिवस गळ्यात अडकवून बघा, मान काय म्हणते ते ऐका, मग ठरवा.

कासच्या पठाराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्यातल्या निम्म्या जणी दर सप्टेंबरात तिथे जातात. सीतेची आसवं बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात. त्यांना चौकटभर दाखवायचं तर मॅक्रो लेन्स लागते, जी वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराएवढी उतरवते. ती घ्यायचीच असेल तर 90–100 एमएमच्या आसपासची घ्या, म्हणजे फुलापासून थोडं लांब राहता येतं. आधी नुसती चव बघायची तर किट लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या मिळतात, एक्स्टेंशन ट्यूब. भिंग नाही, काही नाही, म्हणून स्वस्त. घेताना मात्र आतली विजेची जोडणी असलेल्या घ्या, नाहीतर ॲपर्चर हाती राहत नाही. आणि एक हात जोडून विनंती, फोटोसाठी फुलांवर आडवं पडू नका. वाटेच्या कडेला जे फूल आहे तेही तेवढंच सुंदर असतं.

चौथी, माणसांच्या फोटोबद्दल. आज सकाळी पायऱ्यांवर आपला ग्रुप फोटो काढला. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा कोन फुलफ्रेमच्या 24–26 एमएमएवढा, म्हणजे चांगलाच रुंद असतो. काढणारा जवळ उभा होता, म्हणून दोन्ही टोकांची मंडळी फोटोत आडवी पसरलेली दिसतात. ती बासुंदीने नव्हे, लेन्सने. आणि दहावीतला ग्रुप फोटो आठवा. गावातले स्टुडिओवाले काका मैदानाच्या टोकाला, कुंपणाला पाठ टेकेपर्यंत मागे गेले होते आणि आपण हसत होतो. त्यांना ठाऊक होतं. चेहऱ्याचं प्रमाण लेन्सवर नाही, आपण किती अंतरावर उभे आहोत त्यावर ठरतं. जवळून काढलं की नाक मोठं, कान लहान. म्हणून आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा, मग तिथून जेवढं हवं तेवढं मावेल तो एमएम निवडा. फोनवाल्यांनीही हेच करायचं: चार पावलं मागे जा आणि दोनपटीचं बटण दाबा.

पाचवी, झूम की एकाच एमएमची लेन्स? एका एमएमची लेन्स म्हणजे गैरसोय, असं वाटतं. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्या वापरत त्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याला लेन्स बदलण्याची सोयच नसते. जवळचं हवं तर जवळ जायचं, एवढाच उपाय. पाय हीच झूम. महिनाभर एकच लेन्स वापरली की कुठे उभं राहिलं तर काय मावेल, हे कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी कळायला लागतं. टेपचं काम मग डोळा करतो.

सहावी, जुनी लेन्स घेणार असाल तर. कॅमेऱ्याला तिचा माउंट जुळतो का, फोकस आपोआप होतो का, हे स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून बघा. मग लेन्सच्या एका बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, लेन्स परत द्या. आपल्या भागात हे फार होतं. महाबळेश्वरचा पाऊस आपल्या कपाटापर्यंत येतो. लेन्स चामड्याच्या पिशवीत, लोकरीच्या कपड्यांत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं. पापडाच्या डब्याएवढी काळजी घेतलीत तरी लेन्स वर्षानुवर्षं टिकेल.

आता शेवटाकडे येते.

बाबा 2021 साली गेले. 35 च्या लेन्सने मी त्यांचे घरचे फोटो खूप काढले. खिडकीपाशी पेपर वाचताना, नातीला चावीचं घड्याळ उघडून दाखवताना. चांगले आहेत. पण डोळ्याला भिंग लावून, दिव्याखाली वाकून, मागे ती पंचवीस घड्याळं, असा एकही नीट फोटो माझ्याकडे नाही. जो आहे तो किट लेन्सचा, सेकंदाच्या दहाव्या भागाचा. त्यात भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ वाचता येतं आणि हात दिसत नाहीत. आईने तोच मोठा करून घरात लावलाय. ती म्हणते, हात असेच चालायचे त्यांचे. तिचं समाधान झालं, माझं अजून नाही. दोन वर्षं माझ्याकडे कॅमेरा होता, दुकान उघडं होतं, माणूस समोर होता आणि पैसेही होते. फक्त मी स्क्रू बघितला नव्हता.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच. लेन्स घ्यायला दुकानात जाण्याआधी घरात एक फेरी मारा. ज्याचा फोटो राहायला नको असं कोण आहे, ते काय करताना तुम्हाला आठवायला हवेत, कुठे बसून करतात, तिथे उजेड किती, तुम्हाला उभं राहायला जागा किती. आई पाटावर पोळ्या लाटत असेल, सासरे गोठ्यात असतील, शेजारच्या मावशी शिवणयंत्रावर असतील. टेप लावा. आकडा आपोआप निघेल. तो तुमच्या किट लेन्समध्ये असेल तर एक रुपयाही खर्च करू नका, दिवसाउजेडी खिडकी उघडा आणि फोटो काढा. आजच्या आज.

मी तुम्हाला गृहपाठ देतेय तर माझाही सांगते. आज सकाळी तुम्ही चहा घेत होतात तेव्हा मी शिपाईमामांकडून किल्ली घेऊन प्रयोगशाळेत जाऊन आले. चिंच अजून आहे. बाईंच्या टेबलापासून मागच्या बाकापर्यंत नऊ फूट भरले. चोवीस गुणिले नऊ भागिले पस्तीस, सहा फुटांवर थोडं. बाई, टेबल आणि खिडकी, तिन्ही मावतात. भिंगही मी शिपाईमामांना कपाटातून काढून ठेवायला सांगितलंय. चारनंतर त्या खिडकीतून ऊन थेट आत येतं, त्याआधी मऊ उजेड आहे. तेव्हा बाई, माझं भाषण संपलं की लगेच, आभारप्रदर्शनाच्या आधी, तुम्ही माझ्याबरोबर वर यायचं आहे. गुडघे दुखत असतील तर सावकाश चढू. या वेळी प्रतिमा मी पकडते आणि अंतर तुम्ही मोजा.